दहा जणांचा हिवाळा

दिवाळीचे कंदील उतरले, की ठाकुर्लीची हवा एका सकाळी कोरडी होऊन येते. मला ते आधी बोटांत कळतं. बोटांची टोकं खरखरीत होतात, चहाचा कप धरतानाही तो जरासा निसटेल असं वाटतं, आणि माझा तळहात नकळत मांडीवर घासला जातो. बायको हसते. म्हणते, "झाला का तुझा सीझन सुरू?" तिला आता सवय झाली आहे. बास्केटबॉल खेळलेल्या माणसाचे हात थंडीत असेच वागतात. कोरड्या बोटांतून चेंडू सुटतो, म्हणून आधी बोटांवर फुंकर मारायची, हात मांडीला पुसायचा आणि मगच पास घ्यायला पुढे करायचा. खेळ सुटून वर्षं झाली, तरी हातांना कुणी तसं कळवलेलं नाही.

माझा हिवाळा डोंबिवलीतल्या आमच्या कॉलेजमागच्या सिमेंटच्या कोर्टवर सुरू व्हायचा. पावसाळाभर ते कोर्ट आमचं नसायचंच. त्यावर हिरवंगार शेवाळ चढायचं, कोपऱ्यातल्या डबक्यात बेडूक बसायचे, आणि एखादा उत्साही पहिल्या वर्षाचा मुलगा धावत आला, की सरळ पाठीवर आडवा होऊन थेट बोर्डाखाली पोचायचा. पाऊस गेला, की आम्ही सगळे काथ्याचे ब्रश घेऊन उकिडवे बसायचो. वर्तक मॅडम ब्लीचिंग पावडर शिंपडत पुढे चालायच्या आणि आम्ही मागून घासत यायचो. ऑक्टोबरचं ऊन मानेवर, ब्लीचिंगचा वास नाकात, आणि वारा फिरला की त्यात एमआयडीसीकडून येणारा तो आंबटसर औषधी वास मिसळलेला. आजही कुठे तसला वास आला, तर माझ्या पोटऱ्या ताठ होतात. पळायची वेळ झाली, असं त्यांना वाटतं.

मॅडम आमच्या कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवायच्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, पांढरे बूट, गळ्यात शिट्टी. तरुणपणी स्वतः विद्यापीठाकडून खेळलेल्या. मुलांच्या संघाला बाई प्रशिक्षक म्हणून इतर कॉलेजची मुलं सुरुवातीला कुजबुजायची. मॅडम त्यांच्याकडे बघायच्याही नाहीत. आमच्याशी मात्र त्या शुद्ध, स्वच्छ, शाळेतल्या मराठीत बोलायच्या, आणि राग आला की 'तू'वरून 'आपण'वर जायच्या. "आपण आज कोर्टवर फिरायला आला होतात का?" असं ऐकलं, की समजायचं, आता खैर नाही.

त्या वर्षापर्यंत आमच्या कॉलेजचा संघ कधी दुसऱ्या फेरीपलीकडे गेलेला नव्हता. मी शेवटच्या वर्षाला होतो, आणि चेंडू पुढे नेऊन बाकीच्यांना खेळवणं हे माझं काम. आमचा हुकमाचा एक्का होता सोहम. आंबिवलीचा. वडील शाळेत शिक्षक. त्यांनी बिल्डिंगच्या मागे लोखंडी खांबावर एक रिंग बसवून दिली होती, आणि सोहम तिथे एकटाच चेंडू टाकत लहानाचा मोठा झाला होता. त्याच्या हातातून चेंडू सुटला, की आम्ही रिबाउंडसाठी, म्हणजे रिंगवरून परत येणाऱ्या चेंडूसाठी, वर बघायचोच नाही, परत धावायला लागायचो. इतकी खात्री. दुसरा हितेश. ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला, सहा फुटांच्या वर उंच, आणि बास्केटबॉल पहिल्यांदा हातात धरला तो कॉलेजात आल्यावर. त्याला ना ड्रिबल यायचं, ना नेम होता. पण बोर्डाखाली तो होडीत उभं राहिल्यासारखा पाय फाकवून उभा राहिला, की त्याला कुणाच्या बापाला हलवता यायचं नाही.

त्या हंगामाची खरी सुरुवात मात्र एका पराभवाने झाली, आणि तोही कुणाकडून? काकालोकांकडून.

वागळे इस्टेटमध्ये एका कारखान्याच्या आवारात जुनं कोर्ट होतं. तिथे दर रविवारी सकाळी चाळिशी-पन्नाशीचे लोक खेळायला जमायचे. एक दाताचे डॉक्टर, एक बँकेतले साहेब, दोघे भाऊ वर्कशॉपवाले, असे डझनभर. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाच्या गुडघ्याला पट्टा. मॅडमनी सरावासाठी त्यांच्याशी सामना ठरवला, तेव्हा आम्ही गालातल्या गालात हसलो होतो. सोहम मला म्हणाला, "भाई, हळू खेळूया रे. कोणाला अटॅक वगैरे यायचा."

पहिली दहा मिनिटं आम्ही पुढे होतो. मग काहीतरी बदलायला लागलं. काकांपैकी कुणालाही चार-पाच मिनिटांच्या वर पळवत नव्हतं. दम लागला, की तो हात वर करून "अरे ये रे, मी मेलो" असं ओरडत बाहेर यायचा आणि दुसरा ताजातवाना काका आत शिरायचा. आमच्यासमोर सतत नवे पाय. आम्ही पाच जण मात्र तेच. सोहमला तर मी कधी बाहेर बसलेलं बघितलंच नव्हतं. शेवटी शेवटी आमच्या छातीचा भाता झालेला, आणि ते आरामात चेंडू या हातातून त्या हातात फिरवत होते. दाताच्या डॉक्टरांनी शेवटची बास्केट टाकली आणि चक्क नाच केला.

आम्ही माना खाली घालून पाणी पीत होतो. मॅडम मात्र हसत होत्या. इतक्या खुशीत मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो.

"कळलं का, कशामुळे हरलात?"

सोहमने उरलेलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं.

"त्यांना दम लागतो, हे त्यांना माहीत आहे. तुम्हाला दम लागतो, हे तुम्ही लपवता. एवढाच फरक."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमची दोन पथकं केली. पहिले पाच आणि दुसरे पाच. पाच मिनिटं एकांनी जीव तोडून धावायचं, मग पाचच्या पाच बाहेर आणि दुसरे पाच आत. सामनाभर असंच. 'राखीव खेळाडू' या शब्दाला त्यांनी मनाईच केली. पहिल्या पाचात सोहम, हितेश, मी आणि आणखी दोघं. दुसऱ्या पाचातली मुलं आजवर कॉलेजची जर्सी घालून टाळ्या वाजवायला येत असत. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद कमी आणि भीतीच जास्त होती.

सोहमने हात वर केला. "मॅडम, म्हणजे मी अर्धा वेळ बाकावर?"

"हो."

"पण मॅडम, माझे पॉइंट..."

"उरलेल्या अर्ध्या वेळात टाक."

हे आता हसून सांगता येतं. तेव्हा हसण्यासारखं नव्हतं. विद्यापीठाचा संघ निवडणारे लोक आमच्या विभागाचे सामने बघायला यायचे, आणि सोहमने शाळेपासून एकच स्वप्न बघितलेलं, ती विद्यापीठाची जर्सी. जो जास्त वेळ खेळेल, जास्त पॉइंट टाकेल, तोच त्यांच्या डोळ्यांत भरणार. अर्धा वेळ बसलेला माणूस कुणाला दिसणार?

पहिला सामना कल्याणला झाला. दुपारचं कोवळं ऊन होतं, खाडीकडून वारा येत होता आणि त्याने मैदानावरची धूळ उचलून आणलेली. आम्ही पाच मिनिटं झाली की बाहेर यायचो आणि दुसरे पाच आत जायचे. समोरच्या संघाला काय चाललंय तेच कळेना. त्यांचा प्रशिक्षक पंचांकडे जाऊन विचारून आला, हे नियमात बसतं का म्हणून. बसत होतं. सामन्याच्या शेवटच्या, चौथ्या भागात त्यांची मुलं गुडघ्यांवर हात ठेवून वाकायला लागली, तेव्हा मला वागळे इस्टेटचे काका आठवले. आपण हरताना समोरच्याला कसे दिसत असू, ते मला त्या दिवशी समजलं.

आम्ही जिंकलो. मग पुढचाही जिंकलो. दुसऱ्या पाचातली मुलं एकेका सामन्यात उंच होत चालल्यासारखी दिसू लागली. आधी पास मिळाला की घाबरून लगेच परत देणारा मुलगा आता "इकडे, इकडे" म्हणून मागायला लागला. सामना संपल्यावर आम्ही कधी कधी हितेशच्या घरी जायचो. दारात वाळत घातलेली जाळी, आत भाकऱ्यांचा आणि तळलेल्या मासळीचा वास. त्याची आई आमच्याकडे बघून कपाळावर हात मारायची. "कवरं धावता रं पोरांनो! बसा, मावरं खा आधी." आणि दहाच्या दहा जण ओळीने जमिनीवर बसायचो. तिथे मात्र पाच-पाचचा नियम कुणी पाळला नाही.

त्या पंगतीतून सोहम सगळ्यांच्या आधी उठायचा. दोन सामने आम्ही मोठ्या फरकाने जिंकलो होतो, आणि त्याचे पॉइंट त्याच्या आजवरच्या मानाने निम्मेही नव्हते. तिसऱ्या सामन्याच्या आदल्या आठवड्यात तो सरावाला यायचा बंद झाला. फोन उचलेना.

मी आंबिवलीला गेलो. तो बिल्डिंगच्या मागे त्याच्या त्या रिंगखाली होता, एकटाच चेंडू टाकत. मला बघून थांबला नाही.

"येणार नाहीस?"

"तुम्हाला गरज कुठेय माझी?"

"असं नको ना बोलू यार."

चेंडू रिंगमधून गेला, त्याने तो उचलला आणि तसाच हातात धरून उभा राहिला. "केदार, तू मला सांग. तुला विद्यापीठाला खेळायचंय? नाही. हितेशला? त्याने तर विचारही केला नसेल. मला खेळायचंय. हे शेवटचं वर्ष नाही माझं, माहितीये, पण पुढच्या वर्षी गुडघा गेला तर? मॅडमचं बरोबर आहे, मी चूक म्हणत नाही. संघ जिंकतोय. पण मी जिंकतोय का?"

खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं मला पटत होतं. मी फक्त म्हणालो, "सामना शनिवारी आहे. खेळू नकोस. पण बघायला तरी ये." आणि आलो निघून.

मॅडमना सांगितलं, तर त्या एवढंच म्हणाल्या, "त्याला रागवायचा हक्क आहे. त्याने तुम्हा सगळ्यांपेक्षा जास्त वर्षं मेहनत घेतली आहे."

शनिवारी पहिल्या पाचात सोहमच्या जागी दुसऱ्या पाचातला एक मुलगा आला, आणि त्याची रिकामी जागा भरायला आमच्यातला एकेक जण आळीपाळीने आत थांबायचा. उपांत्यपूर्व सामना. सुरुवातीलाच आम्ही मागे पडलो. आमच्याकडे लांबून नेम मारणारा कुणीच उरला नव्हता. पण आम्ही धावणं सोडलं नाही. पाच मिनिटं, बदल. पाच मिनिटं, बदल. हितेशने त्या दिवशी बोर्डाखालचा प्रत्येक चेंडू ओढून घेतला. मध्यंतरानंतर बरोबरी झाली, आणि मग वरून, प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरून, एक ओळखीचा आवाज यायला लागला. "केदार, डावीकडे! डावीकडे मोकळाय तो!" मी वर बघितलं नाही. डावीकडे पास दिला. मुलगा खरंच मोकळा होता.

सामना जिंकल्यावर सोहम खाली आला. डोळे लाल, पण हसत होता. तो सरळ मॅडमपाशी गेला.

"मॅडम, खरं बोलू? पहिल्या हाफमध्ये तुम्ही हरावं असं वाटत होतं मला."

"आणि दुसऱ्या?"

"दुसऱ्या हाफमध्ये मजा यायला लागली." मग म्हणाला, "मॅडम, मला दुसऱ्या पाचात टाका. त्यांच्याकडे शूटर नाहीये."

मॅडमनी शिट्टी तोंडात घातली आणि होकारार्थी मान हलवली.

मला मुलगी झाली, तेव्हाची गोष्ट सांगतो. ती पोटदुखीने तास तास रडायची आणि आम्ही दोघं नवशिके आईबाप तिला घेऊन घरभर येरझारा घालायचो. बायको रडकुंडीला यायची, पण मुलीला माझ्याकडे द्यायची नाही. आपल्याला जमत नाही असं दिसेल, म्हणून. एकदा मी तिच्यासमोर उभा राहून म्हटलं, "चल, बाहेर ये. मी आत जातो." तिला काही कळलं नाही. मी तिला वर्तक मॅडमची गोष्ट सांगितली. त्यानंतर आमच्या घरात कुणीही दमलं, की नुसता हात वर करतं.

तर, उपांत्य सामनाही आम्ही जिंकलो, आणि अंतिम सामना ठाण्याला होता. समोर गतवर्षीचा विजेता संघ, उंच, देखणा, आणि त्यांच्या पाचांवर त्यांचा एवढा विश्वास, की बाकीच्यांनी जर्सीवरचा टी-शर्टसुद्धा काढला नव्हता. काकालोक आलेले. हितेशची आई आणि कोळीवाड्यातल्या चार-पाच बायका केसांत गजरे माळून पहिल्या पायरीवर बसलेल्या. त्यांना नियम एकच माहीत होता, की हितेशच्या हातात चेंडू आला की ओरडायचं.

मला त्या सामन्याआधी भीती वाटली नाही. आजही मला त्याचं नवल वाटतं. वॉर्म-अप करताना मी आमच्या मुलांकडे बघितलं, तर दहाही चेहरे शांत होते. जिंकू की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. पण आपल्याला दम लागला तर आपल्या जागी कोण येणार आणि तो काय करणार, हे प्रत्येकाला पक्कं माहीत होतं. निर्धास्त असणं म्हणजे काय, ते मी तेव्हा अनुभवलं. नंतर नोकरीच्या मुलाखतींत, मोठ्या सभांत मी तसं निर्धास्त व्हायचा प्रयत्न केला आहे. एकट्याला ते तितकं जमत नाही.

तिसऱ्या भागापर्यंत ते पुढे होते. पण त्यांचे श्वास मला ऐकू यायला लागले होते. चौथ्या भागात सोहम दुसऱ्या पाचाबरोबर आत गेला आणि त्याने लांबून लागोपाठ तीनदा नेम मारला. मैदान उसळलं. आणि पुढच्याच क्षणी, चेंडू हिसकावायला गेला आणि पंचांची शिट्टी वाजली. पाचवा फाउल. म्हणजे सोहम सामन्यातून बाहेर.

सोहम चालत बाकापर्यंत आला, टॉवेल डोक्यावर घेतला. मी त्याच्या बाजूलाच होतो. क्षणभरच तो तसा बसला. मग टॉवेल फेकून उभा राहिला आणि त्याच्या जागी आत जाणाऱ्या आमच्या पाचातल्या मुलाचा खांदा धरून म्हणाला, "घाबरू नकोस. ते मेलेत रे, त्यांच्या पायांकडे बघ. तू फक्त पळ."

तो पळाला. सगळे पळाले. आम्ही पहिल्या पाचातले बाकीचेही पुन्हा आत गेलो तेव्हा बरोबरी होती. शेवटच्या मिनिटात त्यांच्या उंच खेळाडूचा चेंडू रिंगवर आपटला, दोघं-तिघं उडाले, पण कुणाच्याच पायांत उडी उरली नव्हती. हितेशच्या होती. त्याने चेंडू खाली आणला, मला दिला, मी पुढे फेकला आणि आमच्या मुलाने एकट्याने जाऊन बास्केट केली. शिट्टी वाजली, तेव्हा गजरेवाल्या बायका कोर्टवर आल्या होत्या आणि पंच त्यांना हात जोडत होते.

चार दिवसांनी विद्यापीठाची निवड जाहीर झाली. मॅडमनी आम्हाला कोर्टवर गोळा केलं आणि सांगितलं. आमच्या कॉलेजातून एकाची निवड झाली होती. हितेशची.

सोहमची नाही.

हितेशने मान वर केली नाही. टाळ्या वाजल्या, त्याही तुटक तुटक. सगळे पांगल्यावर तो सोहमकडे गेला आणि पुटपुटला, "ती जागा तुझी होती रे. मी सांगतो मॅडमना. मी नाय जात."

सोहमचा चेहरा मी बघत होतो. त्याला लागलं होतं, खोल लागलं होतं, आणि ते लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही. डोळे पुसून तो म्हणाला, "वेडा आहेस का? रिबाउंड कोण घेणार तिकडे, मी? जायचंच तुला." मग नाक ओढत म्हणाला, "पण तुझे फ्री थ्रो असेच राहिले, तर कॉलेजचं नाव जाईल. उद्या सकाळी ये."

महिनाभर ते दोघं रोज सकाळी कोर्टवर असायचे. मी कधी कधी जायचो. दव पडलेलं असायचं, सिमेंट ओलसर, तोंडातून वाफ निघायची. हितेश फ्री थ्रोच्या रेषेवर उभा राहून चेंडू टाकायचा आणि सोहम रिंगखाली उभा राहून तो परत फेकायचा. "कोपर आत. घाई करू नकोस. परत." अख्खी सकाळ हेच. हितेश विद्यापीठाकडून खेळला, चांगला खेळला. पुढच्या वर्षी दोघंही गेले, आणि सोहम त्या संघाचा कर्णधार झाला.

पण मला त्या कर्णधारपदापेक्षा ती एक सकाळ जास्त आठवते. हितेशचा एकामागून एक चेंडू आत जात होता. रिंगला न लागता, नुसता जाळीचा आवाज. सोहमने पुढचा चेंडू परत फेकलाच नाही, काखेत धरून ठेवला. हितेश बावरला. "काय चुकलं?"

"काही नाही," सोहम म्हणाला. "जमलं तुला. आता सरक तिथून, मला टाकू दे."

आणि हितेश हसत रिंगखाली जाऊन उभा राहिला.